थेंबाखालचा पेला

तिकिटाच्या खिडकीत बसलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. संडास कुठे आहे, आणि ही गुहा किती वर्षांची आहे. पहिल्याला मी नुसता हात करते. दुसऱ्याला सांगते, ते आत विचारा, त्याचा पगार दुसऱ्याला मिळतो, मला नाही.

तो दुसरा म्हणजे बॅटरीकाका. आमचे गाइड. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागे वळून बघणार नाहीत. हातात कायम एक लांबडी, पोचे आलेली बॅटरी. आत विजेचे दिवे आले तेव्हा साहेब म्हणाले, आता कशाला ते दांडकं वागवता? तर म्हणाले, "दिवे सगळंच दाखवतात हो. मग लोक काहीच बघत नाहीत." साहेब पुन्हा त्या भानगडीत पडले नाहीत.

त्यांची फेरी ठरलेली. आधी दारापासचा बोगदा. तिथे वरून दगड सुटायचे म्हणून पूर्वी कधीतरी सिमेंटचा स्लॅब टाकलाय. मग उतार, मग मोठी खोली. तिथे भिंतीवर बॅटरी मारायची आणि विचारायचं, "हा शिंपला बघा. डोंगराच्या पोटात शिंपला काय करतोय?" लोक एकमेकांची तोंडं बघतात. मग काका सांगतात की हा डोंगर म्हणजे एके काळी समुद्राचा तळ. शिंपले मेले, साचले, दबले, त्यांचा चुनखडीचा दगड झाला, त्याला काही कोटी वर्षं झाली. मग पावसाचं पाणी आत झिरपून दगड विरघळवत बसलं, लाखो वर्षं, तेव्हा कुठे ही पोकळी झाली. आणि आता तेच पाणी छतातून थेंब थेंब गळतं, जाता जाता कणभर चुना मागे टाकतं, त्याचे हे खांब. एवढं बोलून झालं की सगळे दिवे घालवायचे. डोळे उघडे आहेत की मिटलेत हेसुद्धा कळू नये असा काळोख. त्यात कुठेतरी थेंब पडतो. टप्. काका म्हणतात, "ऐकायला कोणी नव्हतं तेव्हापासून हा पडतोय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे सवय झाली. पण मला वाटतं, काकांना त्याची सवय कधीच झाली नाही. ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज दर वेळी जरा बसायचा.

आता घरची गोष्ट. त्यांची बायको लवकर गेली, मुलगी अगदी लहान असताना. बसस्टँडच्या मागे गॅरेजच्या वर एक खोली आहे त्यांची, अजून तीच. एक शेगडी, एक खाट, एक घडी करून भिंतीला उभी केलेली खाट. खाली दिवसभर पत्रे ठोकतात, त्यामुळे खोलीतली भांडी आपोआप थरथरत असतात. अशा ठिकाणी पोरीला एकटीला कुठे ठेवणार? मग शाळा सुटली की ती सरळ इकडे यायची. माझ्या खिडकीत, माझ्या स्टुलावर, माझ्याच डब्यातलं खात. मला मूलबाळ नाही. तिच्या वेण्या मी घालायचे आणि ती माझी तिकिटं फाडायची. सुट्टे पैसे देताना लोकांना दम द्यायची, "मोजून घ्या, नंतर कटकट नको." हे कुणाचं वाक्य ते सांगायला नको.

तर पाचेक वर्षांची असताना तिने बापाचं ऐकलं की थेंबातून दगड होतो. झालं. घरून आपला दुधाचा पेला घेऊन आली, धातूचा, काठाला पोचा पडलेला, आणि मोठ्या खोलीतल्या जुन्या थेंबाखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी दप्तर माझ्या अंगावर टाकून आत पळाली. पेला ओला होता, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी तेच. असं रोज. रोज पळत आत जायची आणि खालचा ओठ बाहेर काढून परत यायची. शेवटी एक दिवस माझ्या मांडीवर डोकं ठेवून जी रडली, बाई गं, आई गेली तेव्हाही तेवढी रडली नव्हती. "बाबा खोटं बोलतात," म्हणाली. काका शेजारीच उभे होते. आधीच उंच माणूस, तेव्हा अगदी खांबासारखा ताठ होऊन गेला.

आता तो जुना थेंब आयुष्यभर पडला तरी नखाएवढा थर द्यायचा नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? पण हे पाच वर्षांच्या पोरीला कसं सांगणार? तर काकांनी पेला उचलला आणि दारापासच्या बोगद्यात, सिमेंटच्या स्लॅबला एक भेग होती, तिच्या खाली ठेवला. तिला म्हणाले, "तो थेंब आळशी आहे. हा कामसू आहे, बघ तू." आणि खरंच की! सिमेंटातून गळणारं पाणी चुना खाऊन येतं. काही महिन्यांत पेल्याच्या काठावर पांढरा थर धरला. वर्षभरात पोचा बुजला. पोरगी वेडी झाली आनंदाने. मला खिडकीतून ओढत न्यायची. तिच्या वाढदिवसाला काका पेल्याभोवती दोरा गुंडाळायचे, जिथे टोकं जुळतील तिथे गाठ मारायचे आणि तो दोरा तिला द्यायचे. दर वर्षी दोरा मागच्यापेक्षा जरासा लांब. ती ते सगळे दोरे पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवायची. 

मी तेव्हा काकांना म्हटलं होतं, "ही सिमेंटची भानगड तिला कधीतरी सांगा हो." म्हणाले, "मोठी झाली की सांगीन." मोठं होणं काय थांबतंय? पेल्यासारखी पोरही वाढली. आणि ते सांगायचं राहून गेलं.

ती शिकली, नोकरीला लागली, आणि तिथल्याच एकाशी लग्न केलं. मुलगा गुणी. तो एका प्रार्थनामंडळातला, नुसता सभासद नव्हे, प्रवचन करणारा. त्यांच्या ग्रंथात लिहिलंय की जगन्नियंत्याने सहा दिवसांत आकाश, पाणी, डोंगर, प्राणी सगळं केलं. त्यातल्या पिढ्या मोजत मागे गेलं की पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं निघतं. डोंगरातले शिंपले? प्रलय आला, समुद्र डोंगरावर चढला, उतरला, शिंपले मागे राहिले. सरळ हिशोब. आणि सांगतो कसा! आवाज असा की मलासुद्धा दोन मिनिटं पटतं.

लग्नानंतर काका पहिल्यांदा लेकीच्या घरी जेवायला गेले. ताटं वाढली, जावयाने डोळे मिटून आभार मानले, "ज्याने सहा दिवसांत हे डोंगर उभे केले..." आणि आमचे काका काय बोलावेत? "सहा दिवसांत साधी भिंत उभी राहत नाही हो, पाणी मारायलाच आठवडा जातो." झालं, पेटलं! जावई म्हणाला, "तुम्ही होतात का तेव्हा बघायला?" काका म्हणाले, "तुम्ही होतात?" लेक हातात वाढायचा डाव घेऊन मध्ये उभी. म्हणाली, "दोघंही नव्हतात, गप जेवा आता." पण जावई म्हणाला की या घरात आमच्या ग्रंथाला कोणी खोटं म्हणत नाही. काका ताटावरून उठले. लेक दारापर्यंत आली, जिन्यापर्यंत आली, पण बाप मागे फिरला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते तिच्या घरी गेले नाहीत.

मी त्यांना तेव्हाच म्हटलं, "तुमच्या नाकावरच्या रागाला औषध नाही."  

दिवसा ठीक होतं त्यांचं, माणसं असायची. पण संध्याकाळी मी खिडकी लावताना बघायचे, शेवटची बस जाईपर्यंत ते बाकावर बसून असायचे. घरी जायची घाई नसलेला माणूस पाठमोरासुद्धा ओळखू येतो. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी भाकरी-बिकरी घेऊन खोलीवर गेले. भिंतीला ती दुसरी खाट तशीच उभी, आणि शेजारी एक खिळा, पोरीच्या दप्तराचा. खिळ्यावर काही नव्हतं. मी म्हटलं, "निदान टोपी तरी अडकवा त्याला." म्हणाले, "असू दे." मला भडभडून आलं, पण त्यांच्या समोर कशी रडणार? शेगडी पुसली आणि आले.

पण मग एक गोष्ट घडली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुट्ट्या लागल्या तशी प्रार्थनामंडळाची सहल इथे आली. बसभर माणसं, आणि त्यांत लेक. हातात पावडरची डबी. जावई बोगद्यात उभा राहिला आणि सगळ्यांना पेला दाखवला. "हा पेला माझ्या बायकोने लहानपणी ठेवला. ही बघा तिच्या डोळ्यांदेखत चढलेली दगडाची जाडी. एका मुलीच्या बालपणात एवढा दगड, तर आतले मोठे खांब व्हायला किती वर्षं लागतील? करा हिशोब! काही हजार! आणि लोक म्हणतात लाख आणि कोटी!" लेक म्हणाली, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आणि दोरा गुंडाळून गाठ मारली. सगळ्यांनी मान डोलावली.

काका मागे उभे होते. बॅटरी पेल्यावर त्यांनीच धरलेली. मी त्यांच्याकडे बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. एक शब्द बोलले असते, सिमेंट, तर जावयाचं सगळं प्रवचन तिथल्या तिथे आडवं. पण नाही.  लेकीने जाताना विचारलं, "बरे आहात ना बाबा?" म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" एवढंच. आणि बस गेली.

मी भडकले. "अहो, तुमचाच पेला, आणि तुमच्याच डोक्यावर आपटला त्याने! आणि तुम्ही बॅटरी धरून उभे?"

"ती येईल ना आता दर वर्षी," ते म्हणाले. "मापायला."

 माझंही घोडं तिथेच अडलं होतं. मलाही ती यायला हवी होती.

आणि खरंच ती दर वर्षी आली. सुट्ट्या लागल्या की पहिल्या रविवारी. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालायचे. आदल्या दिवशी पेल्याच्या आजूबाजूचं शेवाळ ब्रशने घासून काढायचे. मी खिडकीला 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावून त्या फेरीबरोबर आत जायचे, साहेबांच्या नानाची टांग. बापलेकीचं बोलणं काय, तर तब्येत, गुडघे, बस वेळेवर आली का. मध्ये तो पेला, त्याभोवती दोरा. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस काका कोटी सांगायचे. त्या एका दिवशी हजार ऐकायचे आणि बॅटरी हलू द्यायचे नाहीत. अख्खं वर्ष माणूस त्या एका दुपारच्या आधारावर काढत होता, हे मला दिसत होतं.

मग गेल्या वर्षाआधीच्या हिवाळ्यात बोगद्याच्या स्लॅबचा एक ढलपा एका पाहुण्याच्या खांद्यावर पडला. लागलं नाही फारसं, पण बोंबाबोंब झाली. साहेब घाबरले, ठेकेदार आला. जुना स्लॅब खरवडला, भेगा भरल्या, वरून कसलासा काळा लेप दिला. काम मात्र चोख केलं मेल्याने. छत खडखडीत कोरडं झालं. काका रोज येऊन वर बघत उभे राहायचे. एक थेंब नाही. पेला कोरडा पडला.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की काका माझ्याही आधी येतात. एका सकाळी मी दार उघडायला गेले तर काका आपल्या किल्लीने आधीच आत, बोगद्यात बसलेले, उकिडवे. हातात बाटली. बाटलीच्या बुचाला भोक, त्यातून पेल्यावर थेंब थेंब सोडतायत. बाजूला चुना भिजवलेली बादली.

"काय चाललंय हे?"

दचकले. बाटली लपवायला गेले, पण एवढा मोठा माणूस लपवणार कुठे? म्हणाले, "चुन्याची निवळी आहे. हवेत सुकली की थर धरतो. धरेल, जरासा."

मी त्या दिवशी त्यांना नाही नाही ते बोलले. "लाज नाही वाटत? जन्मभर लोकांना छातीठोकपणे सांगत आलात की दगड घाई करत नाही, आणि आता दगडाची नक्कल करताय? तीही कशासाठी, तर तुम्हीच खोटे ठरावेत म्हणून?"

ते खाली बघत म्हणाले, "पेला वाढला नाही तर ती कशाला येईल?"

मी तिथेच भिंतीला टेकले.  मग म्हटलं, "उठा, गुडघे जातील." ते उठले नाहीत. आणि खरं सांगायचं तर पुढे मीही दार जरा उशिरा उघडायला लागले. त्यांचं होईपर्यंत थांबायचे. चुन्याने त्यांची बोटं फाटली. तिकीट दाखवायला आलेल्या बायका त्यांच्या हाताकडे बघायच्या.

सहल आली. नेहमीचा रविवार, नेहमीची बस. जावई म्हाताऱ्यांना हात धरून उतरवत होता. माणूस चांगलाच आहे हो तो, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. बोगद्यात सगळे गोल उभे राहिले. जावयाने सुरुवात केली, पेला, बालपण, हिशोब. लेक वाकली आणि दोरा गुंडाळायच्या आधी तिने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दर वर्षी फिरवायची. या वेळी बोटाला पांढरी भुकटी लागली. तिने ते बोट बॅटरीच्या उजेडात धरलं. अंगठ्याने चोळलं. मग वर छताकडे बघितलं. नवीन, काळं, कोरडं छत. मग बॅटरीकडे. म्हणजे बॅटरी धरलेल्या हाताकडे. त्या हाताच्या प्रत्येक बोटाला चीर होती.

 काकांची बॅटरी पहिल्यांदा हलली.

तिने रुमालाने पेला पुसला, हलक्या हाताने, सगळी भुकटी जाईपर्यंत. दोरा गुंडाळला. मागच्या वर्षीचा दोरा डबीतून काढला आणि दोन्ही ताणून शेजारी शेजारी धरले.

"वाढलेला नाही," ती म्हणाली.

जावई म्हणाला, "नीट बघ."

"नीटच बघितलंय. जराही वाढलेला नाही. वरचं छत नवीन केलंय, थेंब बंद झालाय."

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "छताचा आणि याचा काय गं संबंध?"

लेकीने पुन्हा एकदा वर छताकडे बघितलं. ती शिकलेली पोर, आणि तिला माप घ्यायला बापाने शिकवलेलं. तिच्या डोक्यात काय काय जुळत होतं ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, "संबंध आहे, आजी. हा पेला आतल्या खांबांच्या हिशोबात धरायचा नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं." आणि डबीचं झाकण लावलं.

जावयाचा चेहरा पडला. पण त्यानेही आवाज चढवला नाही. म्हणाला, "पेला नसला तरी ग्रंथ आहे," आणि सगळ्यांना घेऊन पुढे गेला. 

निघताना ती बसच्या पायरीवर चढली आणि मागे वळली. काका खालीच उभे. म्हणाली, "बाबा, हाताला तेल लावत जा. चुन्याने फाटतात." बस सुटली.

काका बाकावर येऊन बसले. मी शेजारी बसले.  मग म्हणाले, "बघितलंत? सगळ्यांच्या समोर. नवऱ्याच्या समोर. जे माप होतं तेच सांगितलं पोरीने." आणि हसायला लागले, आणि हसता हसता तोंड फडक्यात झाकलं. मी दुसरीकडे बघत राहिले.

निवळीची बाटली त्या दिवसापासून बंद. हाताला तेल मात्र लावू लागले. खिशात छोटी बाटलीच ठेवायचे. बॅटरी निसटायला लागली तेलकट हातातून, तरी लावायचे.

वर्ष गेलं. सुट्ट्या लागल्या, तो रविवार आला. इस्त्रीचा शर्ट आला. बस आली नाही. प्रार्थनामंडळ या वर्षी धबधब्यावर गेलंय, असं स्टँडवरच्या एका ड्रायव्हरने सांगितलं. काका म्हणाले, "बरोबर आहे. इथे आता तिचं काय काम?" आणि पुढची फेरी घेऊन आत गेले. आतून त्यांचा आवाज येत होता, शिंपला, समुद्र, कोटी. मग दिवे गेले. मग ते वाक्य यायला हवं होतं, ते काही आलं नाही. नुसता काळोख, किती वेळ. कोणीतरी आतून ओरडलं, अहो गाइड, दिवे लावा.

ते बाहेर आले तशी माझा संयम सुटला. मी खिडकीतून बाहेर आले आणि सगळ्या रांगेसमोर त्यांना झापलं. "तुमचे पाय मोडलेत का? ती इतकी वर्षं येत होती, तुम्ही एकदा तरी गेलात? एक ताट टाकून उठलात ते उठलातच! हा डोंगर कुठे पळून चाललाय का? तुम्हीच सांगता ना, कोटी वर्षं इथेच आहे म्हणून? मग एक दिवस तुमच्याशिवाय राहील!"

रांगेतला एकजण हसला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

"रिकाम्याच हाताने जा. आणा ती बॅटरी इकडे."

त्यांनी बॅटरी दिली. खरंच दिली. त्यांचा हात नुसता बघायची मला सवयच नव्हती. तो इस्त्रीचा शर्ट आणि मोकळे हात घेऊन ते स्टँडकडे गेले, मध्येच थांबले, खिशातली बाटली काढून हाताला तेल चोळलं, आणि बसमध्ये चढले.

आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी खिडकी लावतच होते. बाकावर बसले. मी म्हटलं, "बोला आता, की मलाच ओढून काढावं लागणार?"

"दार तिनेच उघडलं," ते म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी तिने माझे हात बघितले. उलटे सुलटे करून. म्हणाली, लावता वाटतं तेल."

"आणि जावईबापू?"

"ते म्हणाले, बसा. मग काय बोलावं सुचेना त्यांना. म्हणाले, वय काय झालं तुमचं आता? मी म्हटलं, वयावरून आपलं एकदा झालंय, पुन्हा नको." त्यांचे कान हलले, म्हणजे हसू आलं. "मग तेही हसले. पोटभर जेवलो."

 मला वाटलं संपलं. पण मग खाली बघून म्हणाले, "जेवल्यावर ती जिन्यात आली माझ्याबरोबर. म्हणाली, ते सगळे दर वर्षी धबधब्याला जाऊ म्हणायचे. दर वर्षी. मीच हट्ट करायचे की पेला मापायचाय. तुम्ही येत नव्हतात, मग मी दुसरं निमित्त कुठून आणायचं?" त्यांचा आवाज बसला, काळोखात बसायचा तसा. "मला वाटत होतं ती पेल्यासाठी येते. म्हणून मी तो पेला सांभाळत बसलो."

मला रडू आलं ते मी काही लपवलं नाही. लपवायचं कोणापासून? रडतच त्यांची बॅटरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "रविवारपर्यंत राहू दे तुमच्याकडे. रविवारी मला सुट्टी हवीय."

रविवार म्हणजे आमचा मरणाचा दिवस, रांग रस्त्यापर्यंत. आणि या माणसाने उभ्या नोकरीत सुट्टी मागितलेली मला आठवत नाही. मी कोण देणारी? पण दिली. साहेबांना काय सांगायचं ते मी बघीन म्हटलं.

त्या रविवारी खिडकीवर हीऽऽ गर्दी. बॅटरी माझ्या मांडीवर. एका बाईंनी तिकीट घेतलं आणि विचारलं, "किती वर्षांची आहे हो ही गुहा?"

मी म्हटलं, "ते सांगणारा माणूस आज लेकीकडे गेलाय. उद्या या."